दुसऱ्यांसाठी खोदलेलं टाकं

आमच्या मावळातल्या बेडशाच्या लेण्यांत पाण्याच्या टाक्याजवळ ब्राह्मी दानलेख कोरलेला आहे. हे टाकं महारठिणी सामडिनिकेने दिलं, असं तो सांगतो. विज्ञानातही दुसऱ्यांसाठी अशी टाकी खोदणारी माणसं असतात, पण त्यांची नावं मुलांच्या कानावर पडत नाहीत. म्हणून आज कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी बोलते.

जन्म 1917चा, पुण्यातला. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. लग्नानंतर मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात काम सुरू झालं आणि डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली पीएच.डी. मिळाली. ध्यास स्तनाच्या कर्करोगाचा.

अभ्यास उंदरांवर चाले. काही वाणांच्या माद्यांना हा रोग हटकून व्हायचा, काहींना क्वचितच. अमेरिकेत संशोधक बिटनर यांनी 1936 साली एक प्रयोग मांडला होता. रोगट वाणाची पिल्लं जन्मताच निरोगी वाणाच्या मादीला पाजायला दिली, तर त्यांच्यातला रोग एकदम घटे. म्हणजे रोगाचं कारण दुधातून जात होतं, आणि ते कारण पुढे विषाणू निघालं. ही हकीकत उंदरांची आहे, बरं का! बायांनो, तुम्ही बाळाला निर्धास्त अंगावर पाजा. त्याने आईचा धोका उलट कमीच होतो.

विषाणूला संप्रेरकांची आणि वाणाचीही साथ लागते, हे नातं कमलताईंनी फार लवकर ओळखलं. मग त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचपात्रात जगवायला शिकल्या. शरीराइतकी ऊब सांभाळायची, पोषक द्रव वेळेवर बदलायचा, आणि एक जंतू शिरला की सगळं फेकून पुन्हा आरंभ. मुंबईला परतून त्यांनी भारतातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. 1982 साली पद्मभूषण मिळालं, पण मला ही प्रयोगशाळाच मोठी वाटते. कुष्ठरोगाच्या लसीकडे नेणारं जंतूंवरचं कामही त्या काम करत त्याच संस्थेत झालं.

निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाकडे वळल्या. आणि त्याआधीच, 1973 साली, त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापली होती. संशोधन करणाऱ्या बाईने मूल ठेवायचं कुणाकडे, राहायचं कुठे? या संघटनेने वाशीला पाळणाघर काढलं, नोकरदार बायकांसाठी वसतिगृह काढलं. मावळातल्या ज्या घरात मुलगी विज्ञान शिकते आहे, त्या घरातल्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावं.