जोड सैल, करार पक्का

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून आलेल्या संगणक व्यावसायिक, लघुउद्योजक व विद्यार्थी मित्रांनो,



ऑगस्ट 2021 मधल्या आपल्या स्थानकांबाहेरच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. कोविडच्या निर्बंधांत, लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना 15 ऑगस्टपासून लोकलची मुभा मिळाली होती. लसीकरणाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र घेऊन आधी पालिकेच्या मदतकक्षापुढे उभं राहायचं, शिक्का मारून घ्यायचा, आणि मग तिकीट खिडकीवर मासिक पास काढायचा. रेल्वेचं यूटीएस ॲप 2014 पासून मुंबईकरांच्या मोबाइलवर होतं, पण त्यावरचं तिकीट तेव्हा बंद होतं. समोरच्या प्रवाशाला परवानगी आहे की नाही, हे ॲपला कळायची सोय नव्हती.

ती माहिती मात्र सरकारकडे होती. लशीची नोंद केंद्राच्या कोविन पोर्टलवर होती. त्या नोंदीच्या आधारे राज्य सरकार युनिव्हर्सल पास देत होतं. कोविनला दिलेला मोबाइल क्रमांक टाकायचा, ओटीपी भरायचा, फोटो चढवायचा, की पासची लिंक यायची. नोव्हेंबर 2021 मध्ये ही पासयंत्रणा यूटीएसशी जोडली गेली आणि मोबाइलवर तिकीट पुन्हा मिळू लागलं. आरोग्य मंत्रालय, राज्य शासन आणि रेल्वे अशा तीन मालकांच्या तीन यंत्रणा. प्रत्येकीनं आपापलं काम केलं. या प्रवाशाकडे चालणारा पास आहे का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर रेल्वेला हवं होतं. कुणी कोणती लस कुठे घेतली, याच्याशी तिकिटाचा काही संबंध नव्हता.

मला याच्या पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. 2022 मध्ये निर्बंध उठले तेव्हा ती जोडणी गेली आणि यूटीएस पूर्वीसारखं चालत राहिलं. लसीकरणाची अट तिकिटाच्या मूळ प्रोग्रॅममध्येच जागोजागी विणली असती, तर ती उसवून काढायला किती काळ गेला असता याचा अंदाज इथला प्रत्येक प्रोग्रॅमर करू शकेल. चांगली रचना ओळखायची माझी कसोटी हीच आहे. भाग जोडता येतो हे पाहतोच, पण तो काढल्यावर बाकीचं शाबूत राहतं का, हे मी आधी पाहतो.

भाग असे सुटे ठेवण्याची कल्पना जुनी आहे. सॉफ्टवेअर तयार सुट्या भागांतून जुळवावं, अशी मांडणी डग्लस मॅकिलरॉय यांनी 1968 साली जर्मनीतल्या गार्मिश इथल्या परिषदेत केली. पुढे 1972 मध्ये डेव्हिड पार्नास यांनी भाग कुठे पाडायचे, याचं उत्तर दिलं: जो निर्णय उद्या बदलण्याची शक्यता आहे तो एका भागाच्या आत लपवा. नोव्हेंबर 2005 मध्ये आयबीएम, ओरॅकल, बीईए, सॅप आदी कंपन्यांनी सर्व्हिस कंपोनंट आर्किटेक्चर जाहीर केलं. प्रत्येक घटकानं दोन गोष्टी सांगायच्या: मी कोणती सेवा देतो आणि मला इतरांकडून कोणती सेवा लागते. हाच त्याचा करार. कोण कुणाला जोडलाय ते वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं. घटक जावात लिहिलाय की सी++ मध्ये, हे दुसऱ्याला माहीत असायची गरज नाही, म्हणून जोड सैल राहतो. ते तंत्र पुढे फारसं रुजलं नाही, पण त्यातला विचार आज आपण सगळे वापरतो.

उल्हासनगरकरांना हा विचार परका नाही. इथली जीन्स एका छपराखाली तयार होत नाही. कटिंग एका गाळ्यात, शिलाई दुसऱ्या, काज-बटण तिसऱ्या आणि धुलाई आणखी कुठे. आपल्याकडे काय येणार आणि पुढे काय द्यायचं, एवढं प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून धुलाईचे कारखाने बंद झाले तेव्हा त्या एका कामाची सोय दुसरीकडे लावता आली. शिलाई यंत्रं बदलावी लागली नाहीत. पण याच साखळीनं एक कडू धडाही दिला. रंगाच्या पाण्याची जबाबदारी कटिंगवाल्याची नव्हती, शिलाईवाल्याची नव्हती, आणि धुलाईवाल्यानंही ती घेतली नाही. ते पाणी नदीत गेलं.

आपल्या क्षेत्रातही असंच होतं. दोन सेवांच्या मध्ये नागरिकाचा आधार क्रमांक, मोबाइल, पत्ता वाहत असतो. तो कुणी जपायचा, किती दिवस ठेवायचा, विनंती अर्ध्यात तुटली तर पुन्हा कुणी पाठवायची, हे करारात नसेल तर सैल जोड म्हणजे जबाबदारी झटकायची सोय ठरते. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तर आपल्याला तसं वागता येणार नाही.

आता अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या उद्योजकांसाठी. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस 1 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं, तेव्हा ते पाचशे कोटींवरच्या उलाढालीसाठी होतं. ही मर्यादा टप्प्याटप्प्यानं उतरत 1 ऑगस्ट 2023 ला पाच कोटींवर आली, म्हणजे आपल्या गाळ्यांपर्यंत पोहोचली. ज्यांचं बिल, स्टॉक आणि हिशेब एकमेकांत गुंतलेले असतात, त्यांना अशा प्रत्येक बदलाला सगळ्या सॉफ्टवेअरला हात लावावा लागतो. बिलाचा भाग वेगळा असेल तर ठरलेल्या नमुन्यात माहिती इन्व्हॉइस-नोंदणी पोर्टलला पाठवणारा एक नवा घटक पुरतो.

तुकडे किती करावेत, याबद्दलही स्पष्ट बोलतो. दहा माणसांच्या कंपनीनं चाळीस सेवा मांडू नयेत. प्रत्येक जोड म्हणजे नेटवर्कवरचा एक फेरा, एक संभाव्य बिघाड आणि रात्री उठून तपासायची आणखी एक जागा. 2023 मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधल्या एका गटानं आपली विखुरलेली देखरेख यंत्रणा पुन्हा एकत्र केली आणि तिचा खर्च नव्वद टक्क्यांनी घटल्याचं लिहिलं. जिथे मालक वेगळा आहे किंवा बदलाचा वेग वेगळा आहे, तिथेच कापावं. बाकीचं एकत्र राहू द्यावं. त्यात कमीपणा नाही.

आपल्या तीन शहरांत एक महापालिका आणि दोन नगरपरिषदा आहेत. पाणीपट्टी, घरपट्टी, दाखले ही कामं तिन्ही ठिकाणी जवळपास सारखी आहेत. या संस्थांतल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: सॉफ्टवेअरची निविदा काढताना प्रत्येक सेवेचा लेखी करार मागा, आणि पुरवठादार बदलला तर आपली माहिती आपल्याला कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हेही त्यात लिहून घ्या. विद्यार्थी मित्रांना सांगतो, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दूरचा विषय शोधू नका. नळजोडणीचा एक अर्ज घ्या. तो कुठून कुठे जातो, कोणती माहिती कुणाला लागते आणि कुणाला लागत नाही, हे कागदावर मांडा. दुपारच्या सत्रात आपण सगळे मिळून त्याच अर्जाच्या कराराचा पहिला मसुदा लिहू या. या, आणि आपापल्या कामातले अनुभव घेऊन या.