राजाचे दान आणि रयतेचा घाम
(गारखेडा येथील व्याख्यान)



आपल्या गारखेड्याच्या उत्तरेस जो डोंगर आहे, त्याच्या पोटात बुद्धाची लेणी आहेत. असली लेणी पाहून लोक म्हणतात, काय ते धर्मशील राजे! आम्ही म्हणतो, त्या राजांचे लेखही वाचा. नाशिकच्या लेण्यांत ते सुमारे १९०० वर्षे टिकून आहेत.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण नाणी कायमची ठेवली. कोठे? सरकारी खजिन्यात नव्हे, तर गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन संघांकडे! पैकी २००० नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने होती. त्यांतून २० भिक्षूंस वस्त्रासाठी वर्षास प्रत्येकी १२ नाणी मिळावयाची. म्हणजे दानाचे नाव राजघराण्याचे, आणि ते चालवणारा हात मागावरचा.

पुढे नहपानाचा मोड करून गौतमीपुत्र सातकर्णी आला. त्याने भिक्षूंना शेत दिले. पण गाव ओस, शेत पडीक. तेव्हा नगराच्या शिवेवरची १०० निवर्तने जमीन देण्याचा दुसरा हुकूम काढावा लागला. नांगर धरणारा नसेल तर राजाचे दान दगडावरच राहते! शिवाय त्या जमिनीत शिपायांनी शिरू नये, कामदारांनी हात लावू नये, अशी सूट दिली. भिक्षूंना ही सूट मागून घ्यावी लागते, तर इतर रयतेच्या शेतात कोण शिरत असेल, हे आम्ही सांगावयास नको.

त्याची आई गौतमी बलश्री हिने भिक्षूंना लेणे दिले. तेथील लेखात पुत्राची स्तुती आहे: न्यायाने कर घेणारा, प्रजेच्या सुखदुःखाचा वाटेकरी. फार चांगले! पण चार वर्णांची सरमिसळ थांबवणारा, हीही स्तुतीच! बुद्धाच्या घरात वर्णभेदाचा गौरव!

हा धर्म चीनला गेला, तेथेही हेच. लिआंग घराण्याचा बादशहा वू (५०२–५४९) स्वतःस मठाला दान करी, आणि दरबार मोठी रक्कम भरून त्याला सोडवी. ती रक्कम शेवटी रयतेचीच. उलट ८४५ साली तांग बादशहा वूत्सुंग ह्याने ४६०० मठ मोडले आणि अडीच लाखांवर भिक्षू-भिक्षुणींना संसारात पाठवून कर देणाऱ्यांच्या यादीत घातले.

राजाने उचलले, राजानेच पाडले. म्हणून बंधूंनो, समतेचे काम दात्याच्या मर्जीवर सोडू नका. आजही कोणी पुढारी देणगीची पाटी लावील, तेव्हा विचारा: पैसा कोणाच्या घामाचा? आणि भेद मोडला, की राखला?