वाळवंटातील निवृत्त विमाने

(विहाराच्या वर्धापनदिनी आटपाडी येथे केलेले भाषण)



आज जरा वेगळा विषय मांडतो. लढाईची विमाने म्हातारी झाली की त्यांचे काय होते? आपल्या ओझरचे उदाहरण घ्या. नाशिकजवळचा हा कारखाना १९६४ साली मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला. या विमानाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप देण्यात आला. निवृत्त मिग आता कुठे चौकात, कुठे कॉलेजच्या आवारात उभे दिसते. पोरं त्याच्यापुढं फोटो काढतात.

अमेरिकेने मात्र यासाठी वाळवंट निवडले. ॲरिझोना राज्यात टुसॉन शहराजवळ डेव्हिस-मॉन्थन नावाचा हवाई तळ आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ पासून, जादा झालेली विमाने तिथे ठेवू लागले. आज सुमारे २६०० एकरांत हजारो विमाने रांगेने उभी आहेत. हीच जागा का, हे माणदेशी माणसाला लगेच कळेल. पाऊस वर्षाला जेमतेम ११-१२ इंच. हवा कोरडी, म्हणून गंज चढत नाही. जमीन इतकी टणक की काँक्रीट न टाकता विमान उभे करावे, चाक रुतत नाही. ज्या कोरडेपणापायी आपल्या माणसांनी घरदार सोडून मुलूख गाठले, तोच तिथं भांडवल झाला बघा!

विमान आले की त्यातले इंधन काढतात, वैमानिकाच्या खुर्चीखालची स्फोटके काढतात, काचा आणि फटी पांढऱ्या लेपाने बंद करतात. मग लागतील तसे सुटे भाग काढून चालू विमानांना लावतात. खानापूर-आटपाडीचे आपले गलाईवाले जुन्या दागिन्यांतून सोने वेगळे काढतात, त्यांना यात नवल वाटायचे नाही. आणि तिथं गेलेले सगळेच मरत नाही बरं का. एक बी-५२ बॉम्बफेके विमान सात वर्षे तिथे पडून होते, ते २०१५ साली पुन्हा उडाले.

मेख इथेच आहे. अण्वस्त्रे कमी करण्यासाठी अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांच्यात १९९१ साली स्टार्ट करार झाला. आता, "विमाने बाजूला ठेवली" एवढ्यावर समोरचा कसा विश्वास ठेवील? उद्या परत उडवली तर? म्हणून ३६५ बी-५२ मोडायची ठरली. अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी बांधलेली विमाने ही. सुमारे ५९०० किलोचे पोलादी पाते क्रेनने उंच न्यायचे आणि खाली सोडायचे. असे चार घाव. दोन्ही पंख वेगळे, धडाचे तीन तुकडे.

ते तुकडे लगेच उचलायचे नाहीत. तीन महिने उघड्यावर तसेच ठेवायचे, म्हणजे रशियाचे उपग्रह वरून बघून खात्री करतील. कालचा शत्रू आकाशातून मोजतो आहे आणि हे त्याला मोजू देत आहेत! मला तरी चौकातल्या विमानापेक्षा हे दृश्य मोठे वाटते.

तीन महिने भरले की ते तुकडे भंगारात विकले जात.