बटण
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



"रोजचा एखादा शब्द घ्या आणि पाच मिनिटे बोला," असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी यांच्या सदऱ्याला बटण लावीत होते. सातवी शिकलेल्या बाईला दुसरा शब्द कुठून सुचणार? तोच घेतला.

माझी आजी बटण म्हणत नसे, गुंडी म्हणे. तिच्या मते बटण दुकानातले आणि गुंडी घरी कापडाची वळलेली. त्याही आधी बंद होते. बाराबंदीला बारा बंद, म्हणून ती बाराबंदी. आता गुंडी गेली, बंद बाळाच्या झबल्यापुरते उरले, आणि बटण मात्र कपड्यावरून उठून जिकडेतिकडे जाऊन बसले. दिव्याचा खटका होता, त्याचे बटण झाले. पोलक्याला दाबून लावायचे ते टिचबटण. फुलवालीकडे बारीक शेवंती हवी असली तर बटण शेवंती म्हणून मागावी लागते.

मुलगी आठवीत गेली त्या वर्षी घरात पैशाची ओढाताण होती. मी एका शिंप्याकडून सदरे आणून काजबटणे करू लागले. काज म्हणजे नुसते भोक नव्हे, बरे का! पट्टीवरची काजे उभी असतात, पण गळ्याचे आडवे, कारण गळ्याशी ताण आडवा बसतो. बटणही कापडाला अगदी चिकटवून शिवू नये. खाली थोडी जागा ठेवून दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्यावे, म्हणजे बटण काजात सरळ बसते आणि कापड चुरत नाही. हे मला फुकट कळलेले नाही. पहिल्या खेपेस वीस सदऱ्यांच्या गळ्याची काजे मी उभी पाडली, आणि माझी सगळी मजुरी कापली गेली. आधी सांगितले नव्हते, हे मात्र त्या शिंप्याने शेवटपर्यंत कबूल केले नाही.

आता शेवटचे बटण. 2004 सालच्या लोकसभा निवडणुकीत देशभर सगळीकडे शिक्क्याच्या जागी मतदानयंत्र आले. माझे ते पहिलेच मत. घरून निघताना मामंजींनी कितवे बटण दाबायचे ते बजावून सांगितले होते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले तर समोर निळ्या बटणांची ओळ आणि मी एकटी. लग्न झाल्यापासून इतके एकटे मला कोणी सोडले नव्हते. मी सगळी नावे सावकाश वाचली आणि माझ्या मनात होते ते बटण दाबले. यंत्राचा असा लांब आवाज झाला की मला वाटले, घरापर्यंत ऐकू गेला!

"दाबलेस ना?" मामंजींनी बाहेर विचारले.

"दाबले, मामंजी."

खोटे बोलले नाही. मामंजी आता नाहीत. आमचे हे मात्र मागच्या रांगेत बसून ऐकत आहेत, तेव्हा घरी गेल्यावर काय होते ते पाहू.