पहारेकरी आणि त्याचे नियम



जमिनीचा उतारा, जन्माचा दाखला, परीक्षेचा निकाल आज संकेतस्थळावरून घरबसल्या मिळू शकतो. परंतु ज्या वाटेने नागरिकाची विनंती जाते, त्याच वाटेने घातक मजकूरही येतो. अर्जाच्या रकान्यात कोणी नावाऐवजी माहितीसाठ्याला फसविणारी आज्ञा लिहिली, तर सारे दप्तर उघडे पडण्याचा संभव असतो. यास्तव दाराशी एक पहारेकरी नेमतात. त्यास 'वेब ॲप्लिकेशन फायरवॉल' म्हणतात. तो येणारी प्रत्येक विनंती वाचतो, ठरावीक नमुन्यांशी ताडून पाहतो आणि नमुना जुळल्यास ती अडवितो अथवा तिची केवळ नोंद करतो.

मात्र हा पहारेकरी अक्षरांची ठेवण ओळखतो, लिहिणाराचा हेतू नव्हे. गोव्यातील डिसोझा, डिकॉस्टा यांसारखी आडनावे रोमन लिपीत लिहिताना 'डी' अक्षरानंतर वरच्या बाजूस एक छोटे चिन्ह देण्याची प्रथा आहे. माहितीसाठ्यावरील हल्ल्यातही नेमके तेच चिन्ह वापरले जाते. सरसकट त्या चिन्हावरच बंदी घातली, तर निरपराध अर्जदार स्वतःचे नाव लिहिल्याबद्दल दारातून परत फिरेल.

नियमातील दोष किती दूरवर पोहोचतो, हे २ जुलै २०१९ रोजी दिसून आले. क्लाउडफ्लेअर या अमेरिकन कंपनीने एक नवा नियम जगभरच्या आपल्या यंत्रांवर एकाच वेळी लागू केला. तो केवळ नोंदीपुरता होता, अडविण्यासाठी नव्हे. परंतु 'येथे कितीही अक्षरे चालतील' अशा अर्थाची खूण त्यात लागोपाठ आली होती. त्यामुळे मजकूर कोठे विभागावा याच्या अगणित शक्यता संगणक पुनःपुन्हा तपासत राहिले. त्यांची सारी शक्ती त्यातच खर्ची पडली आणि सुमारे २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे उघडेनाशी झाली. हल्लेखोर कोणीच नव्हता. संरक्षणाचा नियमच अडथळा ठरला.

तात्पर्य, नवा नियम प्रथम थोड्या यंत्रांवर पारखावा, त्याच्या तपासणीस कालमर्यादा घालावी आणि मगच तो सर्वत्र लागू करावा. मूळ आज्ञावलीही अशी असावी, की रकान्यातील मजकूर ती कधीही आज्ञा म्हणून स्वीकारणार नाही. तसे झाल्यास नावातील चिन्ह निरुपद्रवी ठरते. आणि ज्याचा अर्ज अडविला गेला, त्यास दाद मागण्यासाठी एक खिडकी सदैव उघडी असावी. दप्तराचे रक्षण करावयाचे ते नागरिकासाठीच होय.