छापील चित्रांची साक्ष

(पेण व रोहा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



घारापुरी आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. तेथील लेण्यात शिरले की खांबांची रांग पाहून वाटते, हे सारे घडले तेव्हापासून असेच उभे आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. मुख्य लेण्यातील २६ सुट्या खांबांपैकी आठ मोडलेले असल्याची नोंद एकोणिसाव्या शतकात बर्जेसने केली आहे. आज अखंड दिसणारे काही खांब नंतरच्या दुरुस्तीतले आहेत. मग मूळचे किती आणि नवे किती? हे ठरविताना जुनी छापील चित्रे साक्षीदार म्हणून उभी राहतात.

कार्स्टेन नीबूर हा डेन्मार्कच्या मोहिमेतला मोजणीदार १७६४ साली येथे आला. त्याने लेण्याचा आराखडा काढला. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे चित्रकार १७९३ साली आले; त्यांची घारापुरीची चित्रे लंडनमध्ये १८०० साली छापली गेली. पहिल्याची नजर मापांवर होती, दुसऱ्यांची छायाप्रकाशावर. म्हणून साक्ष घेताना उलटतपासणी हवी. चित्र कोणी काढले, कोठे उभे राहून काढले, तांब्याच्या पत्र्यावर कोणी कोरले? पत्र्यावर सरळ कोरलेले कागदावर उलटे उमटते. कोरणारा चुकला तर डावीकडचे शिल्प उजवीकडे जाते. माणसे लहान काढली की खांब अवाढव्य भासतात. अशी चाळणी लावल्यानंतर जे उरते, तो वास्तुइतिहास.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले, त्याचे शीर १८१४ साली कोसळले. अवशेष १८६४ मध्ये मुंबईस नेले आणि १९१२ मध्ये पुन्हा जोडले. आज तो हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. मूळ जागी तो कसा होता, हे त्या काळची वर्णने आणि चित्रेच सांगतात.

या कामात आपला माणूसही होता. पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी १७९० च्या दशकात इंग्रज रेसिडेंट मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. त्यांची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेरूळची २४ चित्रे १८०३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाली, तेव्हा मुखपृष्ठावर नावे होती जेम्स वेल्स आणि डॅनियल यांची. गंगाराम यांचे नाव मराठी घराघरांत पोहोचलेच नाही.

दोष केवळ परक्यांना देऊन भागणार नाही. गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार होतात. श्रद्धा खरी असते, पण जुना लाकडी सभामंडप उतरविताना त्याची मापे कोणी टिपून ठेवत नाही. कोरीव तुळई जळणात जाते, भिंतीवर फरशी चढते आणि पुढच्या पिढीला विचारायला साक्षीदारच राहत नाही.

म्हणून पेण-रोह्याच्या कार्यकर्त्यांना एकच विनंती. जीर्णोद्धाराचा नारळ फोडण्यापूर्वी वास्तूची मापे घ्या, चारही बाजूंनी छायाचित्रे काढा, त्यांवर तारीख आणि काढणाऱ्याचे नाव लिहा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. देव नव्या मंदिरात सुखाने नांदेल. जुन्याची आठवण मात्र आपणच राखायची आहे.