राज्यघटनेची दुरुस्ती आणि आपला मराठवाडा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सचिवांनी मला विषय दिला आहे, ‘संघराज्याची घटना आणि तिच्या सुधारणेचे प्रयत्न’. बक्षीस समारंभाच्या दिवशी हा विषय जड वाटेल याची मला कल्पना आहे. तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवताना या धड्यावर किती मुले जांभया देतात, हे मी पाहिले आहे. म्हणून दिल्लीपासून सुरुवात न करता आमच्या घरातील एका पत्र्याच्या पेटीपासून करतो.

अब्बांच्या पश्चात ती पेटी मी उघडली. तळाशी निजामाच्या राजवटीतील, उर्दूत लिहिलेली जमीन महसुलाची पावती होती. तिच्यावरच्या कागदावर हैदराबाद राज्य असे होते. पुढच्यावर मुंबई राज्य, जिल्हा औरंगाबाद. त्यापुढे महाराष्ट्र राज्य, जिल्हा औरंगाबाद; आणि सर्वांत वरच्या कागदावर जिल्हा जालना. आमचे घर मात्र कुंडलिकेच्या काठी होते तिथेच राहिले. अब्बा जागचे हलले नाहीत, तरी त्यांचा पत्ता चार वेळा बदलला.

हे कसे घडले? १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अंमलात आली, तेव्हा तिच्यात राज्यांचे अ, ब, क असे वर्ग होते. आपले हैदराबाद ‘ब’ वर्गात होते, आणि त्याच्या शिरोभागी राजप्रमुख म्हणून निजाम मीर उस्मान अली खान हेच होते. १९५६ साली सातवी घटनादुरुस्ती झाली आणि हे वर्ग गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, त्याला घटनादुरुस्ती लागली नाही; संसदेचा साधा कायदा पुरला. आणि १ मे १९८१ रोजी आपला जालना जिल्हा झाला, तो राज्य शासनाच्या निर्णयाने. मुलांनो, आपल्या देशात कोणती गोष्ट कोण बदलू शकते, याचा सगळा धडा त्या एका पेटीत आहे.

आता घटनेकडे वळू. पहिल्याच कलमात भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हटले आहे. हा संघ राज्यांनी आपसात करार करून बनवलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटण्याचा अधिकार नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्ट केले होते. राज्यांच्या सीमा मात्र बदलू शकतात. तिसऱ्या कलमानुसार संसद नवे राज्य निर्माण करते. संबंधित विधानसभेचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते.

घटना बदलण्याची रीत ३६८ व्या कलमात आहे. संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. राज्यांच्या अधिकारांना हात घालणारी दुरुस्ती असेल, तर किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमतीही लागते. अमेरिकेत तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते. तिथे दोन शतकांहून अधिक काळात अवघ्या २७ दुरुस्त्या झाल्या. आपल्याकडे २०२३ पर्यंत १०६ झाल्या. पण संसदेलाही मर्यादा आहे. घटनेचा मूलभूत ढाचा मोडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सांगितले. आणि संघराज्य हा त्या ढाच्याचाच भाग आहे.

केंद्र आणि राज्ये यांच्या संबंधांची फेरतपासणी व्हावी म्हणून वेळोवेळी प्रयत्न झाले. १९८३ मध्ये न्यायमूर्ती सरकारिया आयोग नेमला गेला. त्याने १९८८ मध्ये अहवाल दिला. आंतरराज्य परिषद कायमची असावी ही त्याची शिफारस, आणि १९९० मध्ये ती परिषद स्थापन झाली. पुढे २००० साली न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोग आणि २००७ साली न्यायमूर्ती पुंछी आयोग आले. अहवाल जाडजूड आहेत. अंमलबजावणी त्या मानाने रोडकी आहे.

परंतु दिल्ली आणि मुंबई यांच्यातील वाटणी झाली म्हणजे जालन्याचा प्रश्न सुटला असे होत नाही. राज्याच्या पोटात जो मागासलेला विभाग आहे, त्याला न्याय कोण देणार? याचे उत्तर घटनेत आहे, आणि ते आपल्यासाठीच लिहिलेले आहे. आज मला मुख्यत्वे तेच सांगायचे आहे.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. विदर्भ व मराठवाडा यांना निधी, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या सोयी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतील, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष दिले जाईल, असा शब्द त्यात होता. त्याला घटनेत जागा मिळाली ती १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने, कलम ३७१ मध्ये. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात तीन गोष्टी आहेत. एक, विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी वेगळी विकास मंडळे, आणि त्यांच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे. दोन, विकासखर्चाचे न्याय्य वाटप. तीन, तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि राज्याच्या सेवेतील नोकऱ्या यांची न्याय्य व्यवस्था. ही जबाबदारी राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर सोपवू शकतील, असे कलम म्हणते.

मित्रांनो, या वाक्यातील ‘शकतील’ हा शब्द लक्षात ठेवा. ‘सोपवतील’ असे तिथे लिहिलेले नाही. त्या एका शब्दामुळे हे कलम ३८ वर्षे पुस्तकात पडून राहिले.

त्या वर्षांतला एक विद्यार्थी मी. मॅट्रिकनंतर तंत्रनिकेतनात जावे, यंत्रे शिकावीत, अशी माझी फार इच्छा होती. तेव्हा त्यासाठी बाहेरगावी राहावे लागे आणि अब्बांची तेवढी ऐपत नव्हती. मी डी.एड. केले आणि शिक्षक झालो. त्याचे दुःख नाही. पण तंत्रशिक्षणाची न्याय्य सोय हा माझ्या विभागाचा घटनेत लिहिलेला हक्क आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते, माझ्या गुरुजींनाही नव्हते. आम्ही ते नशिबावर टाकले. नशिबाकडे अर्ज करता येत नाही. शासनाकडे करता येतो.

ज्यांनी कलम वाचले होते, ते गप्प बसले नाहीत. १९७४ साली मराठवाड्याचे विद्यार्थी विकासाच्या प्रश्नावर रस्त्यावर आले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या स्वातंत्र्यसैनिकांनी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या द्वारे हा प्रश्न लावून धरला. मग १९८३ मध्ये शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, वीज यांत कोण किती मागे आहे, हे तिने मोजले. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटींचा होता. तोवर आपण ‘अन्याय, अन्याय’ म्हणत होतो. आता अन्यायाला आकडा मिळाला. १९८४ साली विधानमंडळाने मंडळांच्या बाजूने ठराव केला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, राष्ट्रपतींचा आदेश निघून मंडळे अस्तित्वात आली.

ही मंडळे आली म्हणजे सोन्याचा पालना मिळाला, असे मी म्हणणार नाही. त्यांचे काम मुख्यत्वे सल्ल्याचे होते. एका विभागाचा कैवार घेतल्याने राज्याच्या एकोप्याला तडा जाईल, अशी शंका काही जाणकारांनी घेतली. ती अगदीच निराधार नाही. विभाग मोजताना त्यातला एखादा तालुका उपाशी राहतो, हेही खरे. तरी पण मंडळ असले की दरवर्षी अहवाल मागता येतो, वाटप तपासता येते. त्यांची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला खरा. पण मध्ये गेलेली वर्षे परत येत नाहीत. पुन्हा तोच ‘शकतील’ आडवा आला. माझ्या मते इथली खरी सुधारणा लहानशीच आहे. त्या शब्दाच्या जागी कर्तव्य सांगणारा शब्द यावा, आणि मुदत संपण्याची टांगती तलवार दूर व्हावी.

शिक्षणसंस्थेत बोलतो आहे, म्हणून तीन दुरुस्त्यांचा उल्लेख करतो. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला; म्हणून तुमच्या शाळेचे नियम आज दिल्लीतही ठरतात. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ३० व्या कलमात भर घातली. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता सक्तीने घेतल्यास मोबदला असा असावा, की संस्था चालवण्याचा हक्क त्यामुळे संकुचित किंवा रद्द होऊ नये. आणि २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीचा शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने तर ग्रामसभेलाच घटनेत स्थान दिले. भोकरदनच्या, मंठ्याच्या खेड्यातील ज्या भगिनी आज सरपंच म्हणून सही करतात, त्यांच्या सहीमागे ही दुरुस्ती उभी आहे.

म्हणून माझी संस्थेला नम्र विनंती आहे. ग्रंथालयात घटनेची प्रत मराठीत आणि उर्दूत ठेवावी, आणि ती कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हाती जावी. आठवी-नववीच्या मुलांनी आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मागून आणावा, त्यातले आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत. मागण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. कलमाचा क्रमांक आणि खरा आकडा पुरतो. दांडेकर समितीने तेच केले.

पालकहो, आपली मुले इंजिनिअर व्हावीत, डॉक्टर व्हावीत, अशी आपली इच्छा आहे, माझीही आहे. त्यांना ३७१ वे कलमही वाचता यावे. त्यांच्यापैकी एखादा पुढे आपल्या पेटीतले कागद चाळेल, तेव्हा पत्ता कितीदा बदलला याबरोबर आपण काय मागितले आणि काय मिळवले, याचाही एखादा कागद त्यात असावा.